एप्रिल-मेमधला नेचर वॉक : कमी चाला, जास्त बसा

प्रश्न थोडक्यात असा आहे की थंडीत तलावावर आणि टेकडीवर भरपूर पक्षी दिसायचे, आता मार्च संपत आला, ऊन चटके द्यायला लागलं, पाहुणे पक्षी परत निघाले, गवत वाळलं, झाडं उघडी पडली, मग आता जवळपास फिरायला जाऊन काही दिसतं का, की सरळ पावसाची वाट बघायची? आणि सोबत आठ-दहा वर्षांची मुलं असतील तर त्यांना काय दाखवायचं, किती वाजता जायचं, काय जपायचं?

मी बऱ्याच वर्षांपासून सकाळी लोकांना घेऊन टेकड्यांवर, माळावर जातोय आणि हा प्रश्न दर मार्चमध्ये येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. महाराष्ट्रातल्या कोरड्या भागांबद्दल, म्हणजे पठार, टेकड्या, माळरान, शेताच्या कडेची झाडं, छोटे तलाव, याबद्दलच बोलतोय. कोकणात आणि घाटमाथ्यावर थोडं वेगळं असतं.

सरळ उत्तर द्यायचं तर जा, नक्की जा. माझ्या मते चैत्र-वैशाख हा निरीक्षणासाठी वर्षातला सगळ्यात चांगला काळ आहे. थंडीत जाती जास्त दिसतात हे खरं, पण थंडीत आलेला पक्षी इथे फक्त पोट भरायला आलेला असतो, त्याचं सगळं घरदार हजारो किलोमीटरवर. उन्हाळ्यात जे दिसतात ते आपले इथलेच, आणि त्यांचा जोडी जमवण्याचा, घरटं बांधण्याचा, पिल्लं वाढवण्याचा काळ चालू असतो, त्यामुळे एकेक पक्षी अर्धा-अर्धा तास काहीतरी करताना दिसतो. वर पानगळ झालेली असते म्हणून फांदीवरचं घरटं, ढोलीचं तोंड, बसलेला पिंगळा हे सगळं उघड दिसतं, जे ऑगस्टमध्ये डोळ्यासमोर असूनही दिसणार नाही. आणि पाणी कमी झालेलं असतं, त्यामुळे जिथे पाणी आहे तिथे सगळ्यांना यावंच लागतं.

पण यासाठी फिरण्याची सवय बदलावी लागते. बहुतेक लोक नेचर वॉक म्हणजे तीन-चार किलोमीटर चालायचं आणि वाटेत जे दिसेल ते मोजायचं असं करतात. उन्हाळ्यात हे जमत नाही, कारण ऊन वर आलं की सगळे सावलीत जातात आणि तुम्ही चालत असता तेव्हा तुमच्या पुढचं सगळं पन्नास पावलांवरूनच उडून गेलेलं असतं. त्यापेक्षा एक झाड किंवा एक पाणवठा निवडा, जरा अंतर ठेवून सावलीत बसा आणि पाऊण तास हलू नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं काहीच घडत नाही, मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागतात. पक्षीतज्ज्ञ सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या वसाहतीजवळ रोज बसून निरीक्षणं केली आणि त्यातून सुगरण नराची पूर्ण रीत जगाला कळली, की नर घरटं अर्धवट बांधतो, मादी येऊन तपासते, तिने पसंत केलं की तो ते पुरं करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी पुढचं घरटं सुरू करतो. भटकून हे दिसलं नसतं. सुगरण पावसाळ्यातली आहे, मेमध्ये नरांची डोकी पिवळी व्हायला लागलेली दिसतील एवढंच, पण पद्धत तीच वापरायची.

आता झाड कुठलं निवडायचं. मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर यांपैकी जे फुललेलं असेल ते. या लाल-केशरी फुलांत मध भरपूर असतो आणि पक्षी हा मध प्यायला येतात तेव्हा परागकण कपाळाला लावून पुढच्या फुलावर नेतात. शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, टकाचोर, कोतवाल, खारी, सगळे एकाच झाडावर. भोरड्यांचे थवे दिसले तर नीट बघून घ्या, गुलाबी अंग आणि काळं डोकं, ते मध्य आशियाकडे परतण्याआधी अंगावर चरबी चढवत असतात आणि एप्रिलच्या अखेरीपर्यंत जवळपास सगळे गेलेले असतात. विदर्भात असाल तर मोह. मोहाची फुलं पहाटे गळतात त्यामुळे उजाडता उजाडता झाडाखाली चितळ, रानडुकरं, आणि अस्वलंसुद्धा येतात, म्हणून जंगलालगतच्या मोहाखाली अंधारात अजिबात जायचं नाही, लांबून बघायचं आणि स्थानिक माणूस सोबत घ्यायचा.

एप्रिल लागला की फुलांवरून फळांवर यायचं, आणि इथे उंबर, वड, पिंपळ यांच्यासारखं झाड नाही. या झाडांचं वैशिष्ट्य असं की एकाच जातीची सगळी झाडं एकदम फळत नाहीत, आज हे उंबर पिकलं तर महिन्याभराने पलीकडचं, त्यामुळे बाकी काही खायला नसतं तेव्हाही कुठेतरी एखादं उंबर लगडलेलं असतं. फळाच्या आत बारीक वास्प असतात, त्यांच्याशिवाय परागीभवन होत नाही आणि उंबराशिवाय त्यांचं चालत नाही. पिकलेलं उंबर सापडलं की तुमचा तो महिना मार्गी लागला समजा. हरियाल, म्हणजे हिरवी कबुतरं, बघायची असतील तर इथेच, महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे आणि पिवळे पाय, हिरवट-पिवळं अंग असूनही पानांत असा मिसळतो की झाडाखाली उभं राहून लोक विचारतात कुठेय, आणि टाळी वाजली की वीस-पंचवीस एकदम उडतात. टाळी वाजवायची नाही हे वेगळं सांगायला नको. खाली पडणाऱ्या फळांकडे लक्ष ठेवा, फळ पडायला लागलं म्हणजे वर कोणीतरी खातंय, मग त्या फांदीवर दुर्बीण लावा. रात्री याच झाडावर वटवाघळं येतात. दिवसा त्यांची वसाहत मोठ्या झाडावर लटकलेली सापडली तर दुपारच्या उन्हात ती पंखांनी स्वतःला वारा घालताना आणि पंख चाटून ओले करताना दिसतात, तेवढी एकच गोष्ट आहे जी मी भर दुपारी बघायला सांगेन, तीही सावलीतून.

राखी धनेशाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण हा पक्षी अनेक शहरांत, जुन्या मोठ्या झाडांच्या वस्तीत आहे आणि त्याच्याइतकं उन्हाळ्यात बघण्यासारखं दुसरं काही मला तरी माहीत नाही. साधारण मार्च-एप्रिलमध्ये मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून ढोलीचं तोंड विष्ठा वगैरे लावून बंद करत आणते, शेवटी एक उभी चीर उरते, चोचीपुरती. ती आत अंडी घालते, तिथेच तिची उडण्याची पिसं झडतात, म्हणजे मनात आणलं तरी तिला उडता येणार नाही, आणि पुढचे कितीतरी आठवडे नर त्या चिरेतून तिला आणि नंतर पिल्लांना भरवतो. नर येताना गळ्यात फळं साठवून आणतो, चिरेजवळ खोडाला चिकटून बसतो आणि एकेक फळ गळ्यातून वर काढून चोचीच्या टोकावर आणून आत देतो, ते मोजत बसा, कधी कधी एका फेरीत बरीच निघतात. घरटं शोधायचं तर झाडाच्या बुंध्याशी बघा, वरून टाकलेल्या बियांचा आणि विष्ठेचा सडा असतो. तीच ढोली वर्षानुवर्षं वापरली जाते, त्यामुळे एकदा सापडली की दरवर्षी मार्चमध्ये तिकडे चक्कर मारायची.

आणि याच ठिकाणी सगळ्यात जास्त नुकसान होतं. नराला झाडाजवळ माणसं दिसली की तो खाऊ घेऊन लांब फांदीवर थांबून राहतो, उतरत नाही. आपण कॅमेरा लावून तिथे तासभर उभे राहिलो तर आतल्या मादीची आणि पिल्लांची तेवढी फेरी गेली, आणि ती बाहेर येऊन स्वतः काही शोधू शकत नाही. म्हणून माझा नियम कडक आहे, ढोलीपासून निदान पन्नास-साठ मीटर, आडोशाला, दहा-पंधरा मिनिटं, आणि नर थबकला असं वाटलं की लगेच उठायचं. घरट्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, जागा तर मुळीच सांगायची नाही, दोन दिवसांत तिथे वीस कॅमेरे उभे राहतात. हे फक्त धनेशाला नाही, सगळ्याच घरट्यांना लागू आहे. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं तर या दिवसांत पूर्ण बंद ठेवा, त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर आला आणि तो घरटं सोडून भांडायला येतो, उन्हात अंडी उघडी पडतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंड्यांना आणि घरट्यांना धक्का लावणं येतं, त्यामुळे हा नुसता शिष्टाचाराचा विषय नाही.

माळरानाकडे लोक ओसाड जागा म्हणून बघतात याचं मला फार वाईट वाटतं. एप्रिलमधला माळ सकाळी साडेसहाला बघा. डोंबारी चंडोलाचा नर सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीला लागणार असं वाटतं तेवढ्यात पुन्हा वर, आणि हे करताना शीळ घालतो. नीलपंख तारेवर बसलेला असताना मातकट दिसतो आणि उडाला की निळा, या दिवसांत नर उंच जाऊन कोलांट्या घेत कर्कश ओरडत खाली येतो. धाविक हे जमिनीवरचे पक्षी जोडीने पळताना दिसतात, चार पावलं पळायचं, थांबायचं, वाकून किडा उचलायचा, पुन्हा पळायचं. थांबला की मातीत विरघळतो, म्हणून नजर न हलवता त्याच जागेवर ठेवा.

टिटवी तर सगळ्यांना माहीत आहे पण तिच्याकडे नीट कोणी बघत नाही. ती घरटं असं बांधतच नाही, चार खडे इकडे-तिकडे करून उघड्या जमिनीवर तीन-चार अंडी घालते आणि अंड्यांचा रंग खड्यांसारखाच, ठिपकेदार. भर उन्हात जमीन इतकी तापते की अंडी उबवण्यापेक्षा ती थंड ठेवणं हे तिचं खरं काम होतं, ती वर उभी राहून सावली धरते, आणि जवळच्या पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवून येऊन अंड्यांवर बसते. हे बघायला मिळालं तर अगदी शांत बसून बघा. टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली याचा अर्थ तुम्ही अंड्यांच्या किंवा पिल्लांच्या जवळ आहात, तेव्हा तिथे शोधत फिरायचं नाही, आलात त्याच पावलांनी मागे जायचं, कारण अंडं पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. पखुर्डी या माळावरच्या पक्ष्याची यावरही कडी आहे, नर पाणवठ्यावर पोटाची पिसं पाण्यात बुडवून घेतो, ती पिसं पाणी धरून ठेवतात, आणि तो उडत लांब पिल्लांकडे जातो, पिल्लं ती पिसं चोखून पाणी पितात. सकाळी ऊन जरा चढलं की पखुर्ड्या पाण्यावर येतात, दोन-चारच्या गटाने, आधी लांब उतरतात, बघतात, मग चालत पाण्यापर्यंत.

माळावरचे सरडे विसरू नका, मुलांना हे फार आवडतात. गळ्याला पंखा असलेल्या सरड्यांचे नर एप्रिल-मेमध्ये दगडावर चढून गळ्याची पिशवी फुलवतात, निळा, काळा, केशरी असे चमकदार पट्टे, आणि मादी किंवा दुसरा नर दिसला की पंखा उघड-मीट चालू. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मिळणारी यातली एक जात, साराडा सुपर्बा, २०१६ साली शास्त्राला नवीन म्हणून नोंदली गेली. त्याच पठारावर पवनचक्क्या आहेत आणि तिथल्या अभ्यासातून २०१८ मध्ये असं दाखवलं गेलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी होते, त्यामुळे सरडे वाढले, माणूस जवळ आला तरी लवकर पळेनात, आणि नरांचे रंगही फिके झाले. वरचा एक दुवा सैल झाला की खाली सरड्याच्या गळ्याच्या रंगापर्यंत फरक पडतो, हे मला फार विचार करायला लावणारं वाटतं. हे सरडे बघायचे तर पहाटे नाही, ऊन थोडं तापल्यावर, आठ-साडेआठनंतर. बागेतला साधा सरडाही याच काळात डोक्यापासून छातीपर्यंत लाल होतो आणि कुंपणावर बसून माना हलवतो, तो मुद्दाम लांब जाऊन शोधायचीही गरज नाही.

माळावर खोकडाचं, म्हणजे छोट्या कोल्ह्याचं, बीळ असेल तर एप्रिलमध्ये संध्याकाळी पिल्लं बिळाच्या तोंडाशी खेळताना दिसू शकतात. लांबून, गाडीत बसून किंवा बांधाच्या आड, तेवढंच. बिळाजवळ माणसाचा वावर वाढला की आई पिल्लं हलवते आणि गावातल्या कुत्र्यांना तुमच्या मागोमाग वाट सापडते.

तलावाकाठी थंडीची गर्दी नसते पण वंचक बघा. हिवाळ्यात चिखलाच्या रंगाचा असणारा हा पक्षी आता पाठीवर गडद तांबूस-जांभळी पिसं चढवून बसतो, इतका वेगळा दिसतो की नवीन लोक दुसराच पक्षी समजतात. गायबगळ्याचं डोकं-मान केशरी होते. ओढा आटत आलेला असतो, तिथे ओल्या वाळूवर फुलपाखरं थव्याने बसतात, बहुतेक सगळे नर, ते मातीतले क्षार, मुख्यतः सोडियम, शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी त्यातला वाटा मादीला जातो. घाटाच्या जवळ असाल तर यात नीलवंतही सापडेल, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे. सावली त्यांच्यावर पडू न देता बसत बसत पुढे गेलं तर अगदी हातभर अंतरावरून बघता येतं. काठावर मातीचा उभा कडा असेल तर त्यात वेड्या राघूंची बिळं शोधा, जोडी आळीपाळीने किडा घेऊन आत जाते.

कान वापरणं उन्हाळ्यात डोळ्यांइतकंच महत्त्वाचं आहे, कारण वर्षात इतकं गाणं दुसऱ्या कुठल्याच वेळी ऐकू येत नाही. पहाटे उजाडण्याआधी दयाळ गातो, उंच टोकावर किंवा अँटेनावर बसून, आणि दर वेळी थोडं वेगळं. तांबट दिवसभर टुक टुक टुक करतो, आवाजाची दिशा कळत नाही कारण तो मान फिरवत ओरडतो, वाळकी फांदी शोधा, तिच्या खालच्या बाजूला गोल भोक असेल तर तेच त्याचं घर. कोकीळ सगळ्यांना ऐकू येतो पण मादीचा किक-किक-किक आवाज आणि तिचं ठिपकेदार तपकिरी रूप फार कमी जणांनी ओळखून बघितलेलं असतं. कावळ्याच्या घरट्यावर लांबून नजर ठेवा, कोकीळ त्या कावळ्यांना चिडवून मागे लावून नेतो आणि मादी तेवढ्यात अंडं घालते. तिचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लवकर फुटतं, म्हणून तिच्या पिल्लाला खाण्यात आघाडी मिळते. पावशा मार्चपासूनच पेर्ते व्हा, पेर्ते व्हा असं चढत्या सुरात ओरडायला लागतो, रात्रीसुद्धा, आणि त्याचं लक्ष सातभाईंच्या घरट्यांवर असतं. मेच्या उत्तरार्धात दाट झाडीच्या ओढ्यांत नवरंग येतो, दक्षिणेतून इथे विणीसाठी, सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दोन सुरांची स्पष्ट शीळ घालतो. आणि मेच्या शेवटी, जूनच्या सुरुवातीला आफ्रिकेतून चातक पोचतो. पहिला चातक आणि पहिला नवरंग ज्या तारखेला ऐकला ती तारीख लिहून ठेवा, पाच-सहा वर्षं झाली की या वहीला खरी किंमत येते.

संध्याकाळी अंधार पडताना माळावर थांबलात तर रातवा, हा रात्री फिरणारा पक्षी. टेबल टेनिसचा चेंडू फरशीवर टप्पे खात खात थांबतो ना, तसा त्याचा चक-चक-चक-चकर्र आवाज. कच्च्या रस्त्यावर बसलेला असतो, टॉर्चमध्ये डोळे लालसर चमकतात, टॉर्च एक क्षण मारा आणि बंद करा, डोळ्यांवर धरून ठेवू नका.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, वळवाचे एक-दोन पाऊस झाले की सह्याद्रीत काजवे. भंडारदरा, राजमाची, पुरुषवाडी या जागा प्रसिद्ध झाल्यात आणि त्यामुळेच शनिवार-रविवारी तिथे गाड्यांचे दिवे आणि पायाखाली तुडवलेली जमीन असते. काजव्याचा नर चमकून मादीला खूण करतो, मादी बरेचदा गवतात, खाली असते, त्यामुळे हेडलाइट, फ्लॅश, मोबाइलचा टॉर्च यांनी तो संवादच तुटतो आणि झाडाखाली चालण्याने माद्या चिरडतात. जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, गाडी लांब लावा, वाटेवरूनच बघा. घाटाजवळ राहणाऱ्यांना घराच्या मागच्या ओढ्यातही काजवे सापडतात, दिवे नसतील अशी जागा फक्त हवी.

ज्यांना मोठे प्राणी बघायचेत त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो, वन विभाग बुद्ध पौर्णिमेच्या रात्री अनेक अभयारण्यांत पाणवठ्यावर मचाणावरून निसर्गानुभव हा कार्यक्रम ठेवतो, नोंदणी आधी करावी लागते. वाघ मोजायचं काम आता कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांनी होतं, पण चांदण्यात एका पाणवठ्यावर रात्रभर बसणं ही वर म्हटलेल्या बसण्याचीच मोठी आवृत्ती आहे.

वेळेचं आणि सुरक्षिततेचं. सूर्योदयाआधी अर्धा तास जागेवर पोचायचं आणि नऊपर्यंत परत निघायचं, मुलं असतील तर साडेआठला. संध्याकाळी पाचनंतर. पाणी माणशी निदान एक लिटर, मुलांना तहान लागायची वाट न बघता पाजत राहायचं. टोपी, पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, बूट. दगड उलटून बघायचा नाही, खडकाळ माळावर दगडाखाली फुरसं असतं आणि ते लहान असल्यामुळे लोक हलक्यात घेतात, तर नाग, मण्यार, घोणस यांच्याबरोबर धरावा असाच विषारी साप आहे. साप चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही करायचं नाही, माणसाला हलू न देता सरळ जवळच्या सरकारी दवाखान्यात, जिथे प्रतिविष मिळतं. दुसरा धोका लोक विसरतात तो आग्या मोहोळाचा. किल्ल्यांच्या कड्यांवर, उंच झाडांवर पोळी असतात, उन्हाळ्यात जास्त, तिथे धूर, सिगारेट, अत्तर, आरडाओरडा, दगड मारणं यातलं काहीही नको. माश्या उठल्याच तर हात झटकत बसू नका, तोंड-डोकं कपड्याने झाका आणि थेट लांब, बंद जागेत किंवा गाडीत जा.

आणि वणवा दिसला तर, छोटा असला तरी, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर लगेच कळवा. एप्रिल-मेमध्ये डोंगरावर लागणाऱ्या आगी बहुतेक वेळा माणसांनीच लावलेल्या किंवा निष्काळजीपणे लागलेल्या असतात आणि नेमक्या याच वेळी टिटवी, रातवा, चंडोल, तित्तिर सगळ्यांची अंडी जमिनीवर असतात. नवीन गवत चांगलं येतं म्हणून आग लावणारे गावात असतील तर त्यांच्याशी भांडू नका, वॉकला त्यांच्याच मुलांना सोबत घ्या आणि लांबून अंड्यांवर बसलेली टिटवी दुर्बिणीतून दाखवा. माझ्या अनुभवात याचा परिणाम पाटी लावण्यापेक्षा जास्त होतो.

मुलांचं विचारलंत. त्यांना नावं पाठ करायला लावू नका. आठ-दहा वर्षांच्या मुलाला एक काम द्या, उदाहरणार्थ कोतवालाचं घरटं लांबून बघायचं आणि अर्ध्या तासात तो कोणाकोणाला हाकलतो ते लिहायचं. कोतवाल कावळ्याला, घारीला, शिक्र्यालाही मागे लागून पळवतो, आणि म्हणूनच त्याच झाडावर हळद्या आणि होले घरटं करताना दिसतात. हे मुलांनी स्वतः शोधलं की ते पुढच्या रविवारी आपणहून उठतात. दुसरं काम म्हणजे सिकाडा या किर्र आवाज करणाऱ्या किड्याच्या रिकाम्या काती, झाडाच्या खोडावर चिकटलेल्या असतात, पाठीवर चीर पडलेली, त्या गोळा करायला हरकत नाही कारण आत कोणी नसतं. गळलेली पिसं बघायची, हातात घेऊन बघायची, पण घरी आणायची नाहीत, मोर सोडला तर कायद्याने तेही अडचणीचं आहे. आणि चाळीस-पन्नास मिनिटांच्या वर मुलांना एका जागी बसवू नका, मध्ये उठून एक छोटी फेरी मारा, परत या. घरट्यातून पडलेलं पिल्लू मुलांना हमखास सापडतं, पिसं आलेली असतील तर ते बहुतेक उडायला शिकतंय आणि आई-बाप जवळच आहेत, त्याला मांजर-कुत्र्यापासून वाचेल अशा जवळच्या झुडपात ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. घरी आणायचं नाही.

दुर्बिणीबद्दल, कारण हा प्रश्न पाठोपाठ येतोच. आठ बाय बेचाळीस घ्या, म्हणजे आठ पट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर, पहाटेच्या कमी उजेडात हा व्यास कामाला येतो. दहा पटीची मोह पाडते पण हातात हलते आणि चित्र अरुंद दिसतं, उडता पक्षी सापडत नाही. लहान मुलांना वजनाने हलकी, आठ बाय तीसच्या आसपासची चालेल. घेण्याआधी किती जवळचं फोकस होतं ते बघा, दोन मीटरपर्यंत होत असेल तर फुलपाखरं आणि सरडेही तिच्यातूनच बघता येतात. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली मुडपून किंवा फिरवून बसवा, नाहीतर चित्राच्या कडा काळ्या दिसतात. आवाज ओळखायला मर्लिन ॲप वापरा पण ते सांगेल ते पक्कं धरू नका, पक्षी डोळ्यांनी बघूनच नोंद करा, आणि नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, मेमधल्या साधारण दुसऱ्या शनिवारी त्यांचा ग्लोबल बिग डे, म्हणजे जगभर एकाच दिवशी पक्षी नोंदवण्याचा दिवस असतो, त्या दिवशी तुमच्या टेकडीची यादी टाकली तरी चालेल, घरट्याची जागा तेवढी त्यात लिहू नका.